कार्डांचा डबा : मुलांचा संग्रह घरी कसा जपावा? (परिसर अभ्यास, गणित आणि थोडं मूल्यशिक्षण)



आजचा पाठ पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. तो माझ्या एका चुकीतून तयार झाला आहे. म्हणून आधी ती चूक सांगतो, मग पाठाकडे वळू.

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका शाळेवर होतो. चौथीचा वर्ग, जुलै महिना. एका मुलाच्या खिशात कार्डांची जाडजूड गड्डी असायची. बरीचशी पोकेमॉनची, मध्ये काही क्रिकेटपटूंची. गणिताच्या तासाला बाकाखाली अदलाबदल चालायची. दोनदा समज दिली. तिसऱ्यांदा गड्डी घेतली, तिला रबर लावलं आणि कपाटाच्या अगदी खालच्या कप्प्यात टाकून दिली. "शनिवारी घेऊन जा," म्हणालो. शनिवारी मीटिंग निघाली. पोरगं नंतर दोन-तीनदा दारात येऊन उभं राहिलं. मी दरवेळी "उद्या" म्हणालो. मग त्यानं यायचं सोडलं आणि मीही विसरून गेलो.

दिवाळीच्या सुट्टीनंतर कपाट आवरताना ती गड्डी हाताला लागली. रबर तुटून कार्डांना चिकटलं होतं. जिथे रबर होतं तिथे प्रत्येक कार्डाच्या कडेला खाच पडली होती. मागची भिंत पावसाळ्यात पाझरायची, त्यामुळे खालची कार्डं एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली होती. एक-दोन कार्डांच्या कडा कसरीनं खाल्ल्या होत्या.

मी त्याला बोलावलं. त्यानं गड्डी उलटीपालटी करून पाहिली. चिकटलेली दोन कार्डं सोडवायचा प्रयत्न केला, तर चित्राचं सालच निघून आलं. तो रडला नाही. फक्त म्हणाला, "सर, तुमच्यापाशीच तं होते नं."

त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नोकरीत पालकांची, वरिष्ठांची बोलणी आपण सगळेच खातो, ती विसरतोही. हे वाक्य विसरता आलं नाही.

आजीची पोथी

त्या रविवारी कार्डांचं एक नवं पाकीट घेऊन मी त्याच्या घरी गेलो. टिनाचं छत, दोन खोल्या. त्याच्या आजीनं पाणी दिलं. बोलता बोलता भिंतीतल्या कोनाड्याकडे लक्ष गेलं. लाल कापडात बांधलेली पोथी होती. विचारलं तर आजी म्हणाली, "माह्या सासूच्या सासूची हाये. दरसाली मिरग लागायच्या आंधी उघडतो, सावलीत वारा देतो, अन् पुन्हा आवळून बांधतो."

मी ती पोथी पाहिली. सुटी पानं, वर-खाली लाकडी फळी, त्यावर घट्ट गुंडाळलेलं सुती कापड. इतक्या वर्षांत टिनाच्या घरात तो कागद टिकला होता. आणि माझ्या कपाटात नातवाची कार्डं चार महिन्यांत गेली होती. मी डी.एड. झालेला माणूस, पण कागद कसा ठेवावा हे आजीला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

जुन्या पोथ्या लिहिणारे लेखक शेवटी एक विनंती लिहून ठेवत. पोथीला तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, बांधणी सैल होऊ देऊ नका, आणि तिची किंमत न कळणाऱ्याच्या हाती ती देऊ नका, असा तिचा आशय असतो. तेल, पाणी, सैल बांधणी आणि अडाणी हात. आजची कार्डं पोथीपेक्षा वेगळी दिसतात, पण तीही शेवटी कागदच. त्यांचे शत्रू तेच चार. चौथा शत्रू त्या वर्षी मी होतो.

मुलं कार्डं का जमवतात?

"असल्या फालतू गोष्टी कशाला जपायच्या?" हा प्रश्न पालकसभेत हमखास येतो. आपण लहानपणी काय केलं ते आठवून पाहू. कुणी काड्यापेटीचे छाप जमवले, कुणी पोस्टाची तिकिटं, कुणी बबलगमसोबत येणारे क्रिकेटपटूंचे फोटो, तर कुणी वेफर्सच्या पुड्यातले गोल टॅझो. आजची मुलं पोकेमॉन, कुस्तीगीर आणि क्रिकेटची कार्डं जमवतात. पोकेमॉनच्या कार्डांचा खेळ १९९६ साली जपानमध्ये सुरू झाला. तो आता आपल्या गावच्या किराणा दुकानापर्यंत पोचला आहे, बहुतेक वेळा नकली कार्डांच्या रूपात. पण कार्ड असली असो की नकली, जपायची रीत एकच. मुलाचा जीव दोन्हीवर सारखाच असतो.

जमवता जमवता मूल वर्गीकरण करतं, क्रम लावतं, आकडे वाचतं, तुलना करतं. हे सगळं आपण वर्गात मुद्दाम शिकवतो. इथे ते आपोआप होतं. आणि एखादी वस्तू आपली आहे, ती आपणच सांभाळायची आहे, ही जबाबदारी बहुतेक मुलांना पहिल्यांदा अशाच एखाद्या डब्यातून कळते.

पत्ते जपायची कला महाराष्ट्राला नवीन नाही. सावंतवाडीचे गंजिफा आठवा. गोल आकाराचे, हातानं रंगवलेले, लाखेचा लेप दिलेले पत्ते. दशावतारी गंजिफाच्या एका संचात १२० पत्ते असतात, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा. हा संच रंगवलेल्या लाकडी पेटीत ठेवतात. पत्ता जितका मन लावून रंगवायचा तितकीच त्याची पेटीही. ही कला मागे पडत चालली होती, तेव्हा सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी तिला पुन्हा उभं केलं. आजही तिथल्या राजवाड्यात कलाकार गंजिफा रंगवताना दिसतात. मुलांना हे जरूर सांगा. कार्डासोबत त्याची पेटीही हवी, ही समज आपल्याकडे जुनीच आहे.

आपल्या भागातलं हवामान आणि कागद

आपण बुलडाणा जिल्ह्यात घाटाखाली राहतो. पिंपळगाव राजा काय, खामगाव काय, मे महिन्यात पारा ४२ ते ४५ च्या घरात. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की तीच हवा दमट. कागद ही हवा पितो. दमट हवेत ओल घेऊन फुगतो, कोरड्या हवेत ओल सोडून आकसतो. कागद टिकवण्यासाठी हवेतली आर्द्रता साधारण ४० ते ५० टक्के असावी आणि मुख्य म्हणजे ती सारखी बदलू नये, असं ग्रंथालयांत आणि संग्रहालयांत पाळतात. आपल्या घरात एवढं जमणार नाही. पण सतत होणारा बदल आपण नक्कीच कमी करू शकतो.

चमकणारी कार्डं का वाकतात, हे मुलांना फार कुतूहलाचं वाटतं. अशा कार्डाच्या चित्राच्या बाजूला चकचकीत पातळ थर असतो. तो ओल पीत नाही. मागचा कागद मात्र पितो. पावसाळ्यात मागचा कागद फुगून किंचित मोठा होतो, चकचकीत थर आहे तेवढाच राहतो. म्हणून कार्ड चित्राच्या बाजूला वाकतं. उन्हाळ्यात कागद आकसतो, तेव्हा ते उलट बाजूला वाकतं. कार्ड वाकलं म्हणजे मुलानं हयगय केली असं नाही, ते हवेमुळेही होतं. पालकांनी एवढं ऐकलं तरी काही मुलांचा मार वाचेल.

आपल्याकडच्या घरांत तीन जागा कार्डांना सर्वांत वाईट :

१) टिनाखालचा माळा किंवा कपाटाचं टप. दुपारी तिथे भट्टी असते. प्लास्टिक मऊ होतं, रबर वितळल्यासारखं चिकटतं.

२) जमिनीलगतचा किंवा बाहेरच्या भिंतीला टेकलेला खालचा कप्पा. ओल, वाळवी, कसर, उंदीर सगळे इथूनच येतात. माझी चूक हीच.

३) कूलरसमोरची जागा. याकडे आपलं लक्षच जात नाही. कूलर ओल्या पॅडमधून हवा फेकतो. कूलर चालू असेल तोवर खोली दमट, लाईट गेली की पुन्हा कोरडी ठक्क. दिवसातून चार वेळा कागद फुगतो आणि आकसतो.

मग चांगली जागा कोणती? आतल्या खोलीतल्या कपाटाचा मधला कप्पा. भिंतीपासून चार बोटं अंतर. स्वयंपाकघरापासून आणि मोरीपासून दूर, ऊन पडणार नाही अशी. उन्हानं रंग उडतात. दुकानाच्या काचेवर लावलेले फोटो निळसर-फिके झालेले आपण पाहतोच.

डबा तयार करू या : पायरीपायरीनं

पहिली पायरी, हात. साबणानं धुवा आणि पूर्ण कोरडे करा. चिवडा, कुरकुरे, भजी खाऊन कार्डाला हात नाही. पोथीवाल्यांचं 'तेलापासून जपा' ते हेच. कार्ड कडेनं धरायचं, चित्रावर बोट टेकवायचं नाही.

दुसरी पायरी, पाकीट. प्रत्येक आवडत्या कार्डाला स्वतःचं पाकीट हवं. बाजारात पातळ पारदर्शक पाकिटं मिळतात, मुलं त्यांना स्लीव्ह म्हणतात. घेताना एवढंच बघा, की प्लास्टिक पॉलिप्रॉपिलीनचं असावं. पीव्हीसीचं, म्हणजे मऊ, ताणणारं आणि उघडल्याबरोबर उग्र वास येणारं नको. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात मिसळलेली द्रव्यं काही काळानं बाहेर येतात, पाकीट चिकट होतं आणि छपाईलाही चिकटतं. जुन्या पासबुकच्या कव्हरला आतली अक्षरं उमटलेली पाहिली असतील, तोच प्रकार. पाकिटं मिळाली नाहीत तर पांढऱ्या कोऱ्या कागदाची पाकिटं मुलांकडून घड्या घालून करून घ्या, डिंक न लावता. वर्तमानपत्र मात्र वापरू नका. त्याची शाई लागते आणि तो कागद लवकर पिवळा पडतो.

तिसरी पायरी, डबा. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा उत्तम. डब्याच्या बुडाशी त्रिकोणात आकडा असतो. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, तो चालेल. ३ म्हणजे पीव्हीसी, तो नको. बुटाचं पुठ्ठ्याचं खोकंही चालतं, पण ते स्वतः ओल पितं, म्हणून पावसाळ्यात खोकं एखाद्या झाकणाच्या डब्यात ठेवा.

चौथी पायरी, रचना. कार्डं डब्यात उभी ठेवा, पुस्तकं ठेवतो तशी. ती कलंडली तर वाकतात, फार दाबली तर काढताना कोपरे मोडतात. डबा अर्धा रिकामा असेल तर उरलेल्या जागेत पांढऱ्या कागदाची घडी किंवा सुती कापड बसवा. सैल नको, आवळलेलंही नको. पोथीच्या दोन फळ्या हेच काम करतात. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले मोडी कागदही कापडी रुमालात बांधून ठेवले गेले. हेतू तोच, कागद सपाट राहावा आणि हलू नये.

पाचवी पायरी, डबा कधी बंद करायचा? हे आपल्या घरातल्या बायकांना बरोबर ठाऊक आहे. गहू-डाळ कोठीत कधी भरतो? मृगाच्या आधी, कडक कोरड्या दिवशी. झडीच्या दिवशी कोठी भरली तर ओल आतच कोंडते. कार्डांचंही तसंच. घट्ट झाकण बाहेरची ओल थांबवतं, तसंच आतली ओलही बाहेर जाऊ देत नाही. म्हणून डबा मे महिन्यात किंवा पावसाळा सरल्यावर कोरड्या दिवशी, कूलर बंद असताना भरा. फरक एकच, गहू उन्हात वाळवतो, कार्डं सावलीतच.

सहावी पायरी, ओल शोषणारी पुडी. बुटांच्या, पर्सच्या खोक्यात सिलिका जेलची छोटी पुडी येते. ती एखाद-दुसरी डब्याच्या कोपऱ्यात ठेवा, कार्डाला चिकटून नाही. पुडी फाटलेली नसावी, आणि घरात लहान भावंड असेल तर डबा त्याच्या हाती लागू देऊ नका. तांदूळ ठेवू नका. तांदळाला सोंडे लागतात, म्हणजे किडे घालवायला जाऊन किडेच बोलावले.

सातवी पायरी, कीड. डांबरगोळ्या कार्डांच्या डब्यात नकोत. त्यांची वाफ मुलांच्या श्वासाला चांगली नाही आणि काही प्लास्टिकवरही परिणाम करते. जुन्या घरांत वेखंडाची पुरचुंडी ठेवायचे, ती कप्प्यात, डब्याच्या बाहेर ठेवू शकता. कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर पूर्ण वाळलेला आणि कापडात बांधलेला हवा. ओला पाला स्वतःच ओल सोडतो. पण खरा उपाय स्वच्छता हाच. कप्प्यात खाऊ नको, धूळ नको, आणि महिन्यातून एकदा डबा उघडून बघणं.

हे करू नका

- रबर लावू नका. त्यापेक्षा कागदाची पट्टी सैलसर गुंडाळा.
- लॅमिनेशन करू नका. झेरॉक्सच्या दुकानात पालक कौतुकानं करून आणतात. पण गरम चिकट थर एकदा बसला की तो कार्डाला धक्का न लावता निघत नाही.
- वहीत गमानं चिकटवू नका. फाटलेल्याला सेलोटेप नको. टेप काही वर्षांनी पिवळी पडते आणि तिचा डाग कागदात उतरतो.
- कार्डावर पेनानं नाव लिहू नका. नाव डब्यावर लिहा.
- ओल्या फडक्यानं पुसू नका. धूळ असेल तर मऊ कोरड्या कापडानं हलकेच झटका.
- वाकलेल्या कार्डाला इस्त्री नको. पाकिटात घालून दोन जाड पुस्तकांमध्ये काही दिवस ठेवा.

कार्डं भिजली तर?

आपल्याकडे पावसात दप्तर भिजणं नेहमीचंच. अशा वेळी घाई करू नका. पाकीट असेल तर कार्ड हळूच बाहेर काढा. घासू नका. पांढऱ्या कोऱ्या कागदावर सावलीत पसरून ठेवा. वरचं पाणी सुकलं की दोन कोऱ्या कागदांमध्ये घालून वर हलकं वजन ठेवा आणि कागद ओले झाले की बदलत राहा. दोन कार्डं चिकटली असतील तर ओढू नका, नाहीतर चित्राचं साल निघतं. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. उन्हात, तव्याजवळ किंवा हेअर ड्रायरनं वाळवू नका. बुरशी आलेलं कार्ड लगेच बाकीच्यांपासून वेगळं करा आणि ते मुलानं नाही, मोठ्या माणसानं हाताळावं.

वर्गात घ्यायच्या कृती

कृती १ : कागद ओल पितो का? वहीच्या कोऱ्या कागदाच्या १५ सेमी लांब आणि २ सेमी रुंद अशा दोन पट्ट्या कापा, एक पानाच्या उभ्या दिशेनं, एक आडव्या. दोन्हींच्या एका बाजूला पूर्ण सेलोटेप लावा. आता कागदाची बाजू खाली करून पट्ट्या ओलसर फडक्यावर ठेवा. त्या टेपच्या बाजूला वळू लागतात. बाहेर काढून वाळवा आणि काय होतं ते बघा. कोणती पट्टी जास्त वळली? का? कागदातले तंतू एका दिशेनं बसलेले असतात आणि तंतूंच्या आडव्या दिशेनं कागद जास्त फुगतो. चौथीची मुलं हे कारण लगेच सांगतील असं नाही, पण फरक मात्र नक्की टिपतात.

कृती २ : मोजमाप. पोकेमॉनचं कार्ड ६३ मिमी रुंद आणि ८८ मिमी उंच असतं. मुलांना आधी अंदाज करू द्या, मग पट्टीनं मोजू द्या. नकली कार्ड कधी कधी मापात कमी-जास्त भरतं, तेही सापडेल. २० कार्डांची थप्पी मोजली तर ती ६ मिमीच्या आसपास भरते. मग एका कार्डाची जाडी किती? इथे दशांश अपूर्णांक आपसूक येतो.

कृती ३ : बाकी उरणारा भागाकार. फाईलच्या एका पानात ९ कप्पे आहेत. मीनाकडे १४७ कार्डं आहेत. एका कप्प्यात एक कार्ड ठेवलं तर किती पानं लागतील? १४७ ला ९ नं भागलं की भागाकार १६, बाकी ३. बरीच मुलं १६ म्हणतात. "मग ती तीन कार्डं कुठं ठेवायची?" असं विचारा. उत्तर १७. एका कप्प्यात पाठीला पाठ लावून दोन कार्डं ठेवली तर? एका पानात १८, म्हणून ९ पानं. बाकीचा अर्थ मला फळ्यावर जेवढा समजावता आला नव्हता, तेवढा या तीन कार्डांनी समजावला.

कृती ४ : आकडा शोधा. घरातल्या पाच प्लास्टिकच्या डब्यांच्या बुडाशी त्रिकोणात कोणता आकडा आहे ते लिहून आणा. वर्गात तक्ता करा.

कृती ५ : माझं डेडस्टॉक रजिस्टर. आपण शिक्षक शाळेच्या खुर्च्या-टेबलांची जडवस्तू संग्रह नोंदवही ठेवतो. तशीच मुलांना शंभर पानी वहीत आखायला सांगा. अनुक्रमांक, कार्डाचं नाव, कधी मिळालं, कोणाकडून मिळालं, कोपरे कसे आहेत, डब्यात कुठे आहे. अदलाबदल झाली की एक नोंद जाईल, एक येईल. भांडण झालं तर रजिस्टर काढायचं. अक्षर सुधारतं, तारीख लिहायची सवय लागते, आणि "माझं घेतलं" ही तक्रार निम्म्यावर येते.

किंमत किती, हा प्रश्न

मोठी मुलं विचारतात, "सर, ही कार्डं लाखांत विकतात ना?" उत्तर खरं द्यावं. अमेरिकेत टॉप्स कंपनीनं १९५२ साली काढलेलं मिकी मँटल या बेसबॉल खेळाडूचं एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलं. पण पुढचंही सांगा. त्याच मालिकेची न खपलेली खोकी पुढे समुद्रात नेऊन टाकली, असं कंपनीचे साय बर्गर सांगत असत. मालाला उठावच नव्हता. कार्ड जगात थोडी उरली आणि त्यातलं एक अगदी जसंच्या तसं राहिलं, म्हणून एवढी किंमत आली. आपल्या मुलांच्या डब्यातली कार्डं अशी विकली जाणार नाहीत. त्यांना तशी आशा लावू नका, आणि पैशासाठी कार्डं घेत बसायची सवयही लावू नका. डबा जपायचा तो आपली वस्तू आहे म्हणून.

पालकांना आणि शिक्षकांना विनंती

पालकहो, दिवाळीच्या आवराआवरीत मुलाचा डबा न विचारता भंगारात देऊ नका. नको असेल तर त्यालाच निवडू द्या, काय ठेवायचं आणि काय कुणाला द्यायचं. आणि डब्याला घरात एक ठरलेली जागा द्या. चार बोटांचा कप्पा पुरतो.

शिक्षक मित्रांनो, वर्गात कार्डं आली तर ती घ्यावीच लागतात, त्याबद्दल वाद नाही. पण मी त्या वर्षापासून 'जप्त' हा शब्द सोडला. आता माझ्या टेबलावर एक झाकणाचा डबा आहे. घेतलेली वस्तू त्यात जाते. चिठ्ठीवर मुलाचं नाव, किती नग, तारीख. मुलासमोर मोजायचं, त्याची सही घ्यायची. पहिलीतलं पोर असेल तर अंगठ्याचं चित्र काढतं. शाळा सुटताना वस्तू परत. दुसऱ्यांदा झालं तर पालकांच्या हाती, पण परत म्हणजे परतच. रबर लावत नाही.

स्वाध्याय

१) तुझ्या घरातली कार्डं ठेवायला सगळ्यात चांगली जागा कोणती? दोन कारणं लिही.
२) चमकणारं कार्ड पावसाळ्यात चित्राच्या बाजूला का वाकतं?
३) डबा झडीच्या दिवशी का बंद करू नये? घरातल्या धान्याच्या कोठीशी तुलना कर.
४) आजी-आजोबांना विचार : तुमच्या घरातला सगळ्यात जुना कागद कोणता आणि तो कसा ठेवला आहे?

चौथा प्रश्न आवर्जून द्या. माझ्या वर्गात त्याची उत्तरं म्हणून सातबाराचे उतारे आले, जुन्या लग्नपत्रिका आल्या, एका मुलीनं आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला कसा पत्र्याच्या पेटीत मधोमध ठेवलाय ते लिहून आणलं.

त्या मुलाचं सांगायचं राहिलं. मी नेलेलं पाकीट त्यानं घेतलं, उघडलं, कार्डं एकेक करून पाहिली. मग आजीकडून लाल कापडाचा एक तुकडा मागून घेतला, कार्डं दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवली आणि गुंडाळून कोनाड्यात पोथीच्या शेजारी ठेवली. जाताना मला म्हणाला, "सर, आता शाळेत नाई आणत." मला ते बरं वाटलं नाही. मुलानं आपली आवडती वस्तू शाळेत आणू नये, असं मला वाटतच नव्हतं. ती शाळेत सुरक्षित राहील एवढंच त्याला वाटायला हवं होतं, आणि ते काम माझं होतं.

पुढच्या मे महिन्यात, मृगाच्या आधी, तुमच्या मुलासोबत एक दुपार काढा आणि हा डबा तयार करून पहा.